एरिअल सिल्क : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सिल्क, म्हणजे छतापासून टांगलेल्या कापडावरची कसरत, शिकवते. त्याआधी बरीच वर्षं दोरीचा मल्लखांब केला. वर्गाच्या दारात, फोनवर आणि कधीकधी चार फुटांवर उलटं लटकलेलं असताना मला जे प्रश्न विचारले जातात, ते इथे एकत्र केले आहेत. चालींची नावं वर्गात म्हणतात तशीच ठेवली आहेत. क्लासगणिक ती थोडीफार बदलतात, त्यामुळे नावापेक्षा कापड कुठून कुठे जातंय याकडे लक्ष द्या.

हे खरंच रेशीम असतं का?

नाही. ते नायलॉन ट्रायकॉट नावाचं विणीचं कापड असतं. आडवं भरपूर ताणलं जातं, उभं थोडंसंच. रुंदी साधारण दीड मीटर किंवा पावणेतीन मीटर असते, पण मुठीत घेतलं की ते गोळा होऊन जाड दोरासारखं होतं. लांब कापड मध्यावर दुमडून वर एका धातूच्या कडीला अडकवतात आणि दोन पदर खाली सोडतात. आपल्या वरचा ताणलेला भाग म्हणजे पोल, खाली लोंबणारा भाग म्हणजे टेल. हे दोन शब्द पुढे सतत येतील.

हा प्रकार आला कुठून?

सर्कशीत गुळगुळीत दोरावरची कसरत जुनीच आहे. झुल्यावरचा प्रकार, म्हणजे फ्लाइंग ट्रपीझ, झ्यूल लेओतारनं १८५९ साली पॅरिसमध्ये दाखवला. कापडावरच्या कसरतीची घडण फ्रान्स आणि कॅनडा या दोन्हीकडे झाली. जगभर ती पोचली १९९०च्या दशकात, सर्क दु सोलेय या कॅनडाच्या कंपनीमुळे. तिथे आंद्रे सिमार यांनी या प्रकाराला बराच आकार दिला. वय पाहिलं तर आपल्या मल्लखांबापुढे हे अगदी लेकरू. पेशवाईच्या उत्तरकाळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नव्यानं रूप दिलं, त्याला दोनशे वर्षं झाली.

मी दोरीचा मल्लखांब केला आहे. इथे उपयोग होईल का?

खूप होईल, फक्त पहिले काही आठवडे चिडचिड होईल. दोरीवर पहिली पकड पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यात असते. दोराला गाठ मारायची नाही, वेढे आणि तेढी अशा पकडींवरच उभं राहायचं. त्यामुळे वजन पडलं की कोणता वेढा आवळणार हे मल्लखांबपटूच्या अंगाला आधीच ठाऊक असतं. दसरंग, बगली हे मल्लखांबाचे प्रकार केलेल्या मुलीला इन्व्हर्ट, म्हणजे हवेत उलटं होणं, शिकवायला मला फारसं बोलावं लागत नाही.

अडचण येते ती दोन गोष्टींची. सिल्कला पदर दोन असतात आणि ते वेगळे करून दोन पायांना, दोन हातांना घेता येतात. दोरीवर असला प्रश्नच नसतो. दुसरी अडचण वेगाची. मल्लखांबाच्या स्पर्धेत ठरलेल्या वेळात प्रकारांचा संच बसवायचा असतो, म्हणून हात झटपट चालतात. इथे तोच वेग आणला की कापड मुरगळतं, आणि मुरगळलेला पदर सोडवायला वर लटकून राहावं लागतं.

मला एकही पुलअप येत नाही. सुरुवात करू का?

करा. पुलअप येणाऱ्यांचीच पहिली सवय मोडावी लागते, कारण ते सगळं हातानं ओढतात. पहिल्या महिन्यात आम्ही पाहतो ते एवढंच: कापड धरून लटकल्यावर खांदे कानाला चिकटतात, की पाठीच्या जोरावर खाली ओढून धरता येतात? खांदे वर सोडून लटकत राहणाऱ्याचे सांधे दुखावतात. लटका, कोपर न वाकवता खांदे खाली आणा, पुन्हा सोडा. दिसायला काहीच नाही, पण पुढचं सगळं यावर उभं आहे.

वर चढायचं कसं? माझे हात लगेच भरून येतात.

चढताना काम पायांचं. साध्या चढाईत एक पाय कापडाभोवती बाहेरून आत फिरवायचा. कापड पिंढरीला वेढा देऊन पावलाच्या वरच्या बाजूला येतं, तिथे दुसऱ्या पायाच्या तळव्यानं ते दाबून धरायचं. आता गुडघे छातीकडे ओढा, दाबा आणि पायांवर उभं राहा. हात फक्त वर सरकतात. रशियन क्लाइंबमध्ये वेढा नसतो. एक पाऊल कापड उचलून दुसऱ्या पावलावर आणतं आणि दोन पावलांत ते चिमटलं जातं. ती पटकन होते, पण दाब कमी पडला की घसरते. मी वेढ्याची चढाई आधी शिकवते.

हात भरून येतात याचं कारण बहुतेक वेळा एकच: गुडघे पुरेसे वर न आणता छोट्या छोट्या उड्या मारणं. प्रत्येक उडीला हात नव्यानं वजन झेलतात.

फूट लॉक म्हणजे काय? सगळे त्यापासूनच का सुरुवात करतात?

कारण फूट लॉक बसला की हात सोडून उभं राहता येतं, आणि विसावा घ्यायला जागा मिळते.

चढाईसारखाच एक पाय कापडाभोवती फिरवायचा. मग मोकळ्या पायानं टेल उचलून बांधायच्या पायाच्या पावलावरून पलीकडे न्यायचा. कापड घोटा आणि पाऊल यांच्याभोवती आठच्या आकड्यात फिरतं, शेवटचा फेरा आधीच्या फेऱ्यावर बसतो. उभं राहिलं की वरचा फेरा खालच्याला दाबतो आणि सगळं आवळतं.

आता बारकावा. लॉक घालताना पाऊल नव्वद अंशात वळवलेलं हवं, बोटं नडगीकडे. सुरुवातीची मुलं नर्तकीसारखी बोटं ताणतात, कारण तसं सुंदर दिसतं असं त्यांनी कुठेतरी पाहिलेलं असतं. ताणलेल्या पावलावरून सैल फेरा निसटतो. आधी आवळू द्या, मग ताणा. कापड पावलाच्या कमानीवर बसायला हवं. बोटांवर आलं तर लॉक अर्धवट आहे, टाचेकडे गेलं तर घोट्यावर काच येतो. मी नवीन माणसाला बाकावर बसवून हातानं फूट लॉक बांधायला लावते, डोळे मिटूनही. हवेत पायाकडे बघायला गेलं की कंबर वाकते आणि आवळत आलेला फेरा पुन्हा सैल होतो, म्हणून तो पायालाच कळला पाहिजे.

दोन्ही पायांना एकेक पदर घेऊन केलेला डबल फूट लॉक हा त्याचाच पुढचा भाग. त्यातून स्प्लिट, कमान, बसून केलेल्या आकृती अशा बऱ्याच गोष्टी निघतात. हवेतल्या स्प्लिटमध्ये जमीन नसते, म्हणजे थांबवणारं काही नसतं; जांघ गार असताना उतरू नका.

लॉक सुटतच नाही, तेव्हा काय करायचं?

वजन काढा. आवळलेला फेरा वजनाखाली कधीच सुटत नाही. दोन्ही हातांनी पोल धरून स्वतःला दोन इंच वर उचला, पाऊल ढिलं करा आणि दुसऱ्या पायानं टेल ढकला. यावरून आमच्या वर्गात एक नियम आहे: जिथे लॉक स्वतः सोडवता येईल तिथपर्यंतच चढायचं. तीन चढाया करून वर लॉक घातला आणि सोडवायला दम उरला नाही, तर खालून मी शिडी आणते आणि सगळा वर्ग थांबतो.

हिप कीमध्ये हात सोडायला भीती वाटते. ती खरंच धरते का?

हिप की म्हणजे कमरेवरची पकड. ती धरते, पण फूट लॉकसारखी नाही. फूट लॉकमध्ये कापड स्वतः आवळतं. हिप कीमध्ये तुम्ही मांडी आवळलेली असते तोवरच ती धरते, त्यामुळे भीती अगदीच खोटी नाही.

कापड कमरेमागून फिरून जांघेत येतं, आणि एक पाय दुसऱ्यावरून ओलांडून टेलला मांडीच्या मुळाशी दाबतो. शरीर आडवं, कुशीवर. नेहमी चुकतं ते कमरेचं वळण. पाय फिरतात पण नितंब मागेच राहतात, मग कापड जांघेऐवजी मांडीच्या मध्यावर बसतं. तिथे ते दुखतंही आणि सरकतंही. हात सोडण्याआधी कमरेच्या मागच्या बाजूला पोल घट्ट टेकलेला जाणवला पाहिजे. नाही जाणवला तर पुन्हा करा.

हिप कीवर मी जरा जास्तच वेळ घालवते, याबद्दल तक्रारी येतात. पण मांडीचे, कमरेचे कितीतरी रॅप (अंगावर घेतलेले वेढे) आणि ड्रॉप (वेढे उलगडत खाली येणं) इथूनच सुरू होतात. कच्ची हिप की पुढे प्रत्येक ठिकाणी त्रास देते.

उलटं व्हायला, म्हणजे इन्व्हर्ट करायला, किती दिवस लागतात?

दिवस सांगता येत नाहीत, कसोटी सांगता येते. जमिनीवर उभं राहून, कापड धरून, उडी न मारता गुडघे पोटाशी घेऊन सावकाश उलटं होता आलं आणि तसंच सावकाश परत येता आलं, तर हवेत करा. उडी मारून उलटे होणारे हवेत अडकतात, कारण तिथे उडी मारायला जमीन नाही.

डोकं मागे फेकू नका. आधी खांदे खाली, मग गुडघे, मग कंबर खांद्यांच्या वर, आणि पाय फाकवायचे ते सगळ्यात शेवटी. पाय आधी फाकवले की ते जड होतात.

इतके रॅप आहेत, लक्षात कसे ठेवायचे?

आकृती पाठ करू नका, वाट पाठ करा. फोटोतली शेवटची पोझ अगदी सारखी दिसली तरी कापड पाठीमागून आलं की पोटावरून, यावर सुटताना काय होणार ते ठरतं. मी विद्यार्थिनींना मोठ्यानं बोलायला लावते. “पोल उजव्या काखेत, टेल पाठीमागून डाव्या मांडीवर, बाहेरून आत.” सुरुवातीला लाज वाटते. पण जी बोलू शकते ती उतरूही शकते.

क्रॉसबॅक स्ट्रॅडल हे यासाठी चांगलं उदाहरण आहे. दोन पदर पाठीमागे एकमेकांना ओलांडून काखांतून पुढे येतात, मग उलटं होऊन पाय दोन्ही पदरांच्या बाहेर फाकवायचे. हात सुटतात, माणूस उलटा पण निवांत. फुली पाठीवर फार वर, खांद्याच्या पात्यांवर राहिली, तर उलटं होताना ती निसटते. कमरेच्या थोडी वर हवी. चूक दिसते शेवटी, होते सुरुवातीला.

आणि हो, दोन्ही बाजूंनी शिका. चांगली बाजू, वाईट बाजू प्रत्येकाला असते. वाईट बाजू टाळली की वर्षभरात खांदे वेगळे दिसायला लागतात.

ड्रॉप कधी शिकवणार, ताई?

हा प्रश्न पहिल्याच दिवशी येतो, म्हणून उत्तर सविस्तर देते.

ड्रॉप म्हणजे पडणं दिसतं, पण ते आधीच मोजलेलं असतं. अंगावर घेतलेले वेढे उलगडत जातात आणि शेवटचा वेढा उलगडत नाही. तो तुम्हाला थांबवतो. व्हील डाऊनमध्ये भोवऱ्याची दोरी सुटते तसं अंग चक्राकार फिरत खाली येतं. साल्टोमध्ये पुढे कोलांटी होते. स्टारमध्ये हातपाय पसरलेलं शरीर वळत वळत उतरतं. तिन्हींत शेवटी धरणारा भाग वेगळा असतो, आणि तो कोणता हे उडी घेण्याआधी माहीत हवं.

हात सोडण्यापूर्वी तीन गोष्टींची उत्तरं हवीत. पोल अंगाच्या कोणत्या बाजूनं वर जातोय? टेल मोकळा आहे का, की पायात गुंतलाय? शेवटी मला कोण धरणार, कंबर, मांडी की घोटा? उत्तरात “बहुतेक” हा शब्द आला तर ड्रॉप रद्द. वेढा उलट दिशेनं घेतला असेल तर वरून तो तसाच दिसतो, पण सुटल्यावर शेवटचा थांबा येतच नाही. गंभीर अपघातांचं हे मोठं कारण आहे.

शिकवण्याचा माझा क्रम असा: आधी तोच ड्रॉप हातानं पोल धरून, अगदी हळू, एकेक वेढा उलगडत. मग जमिनीजवळ. मग उंचीवर, खाली जाड गादी आणि बाजूला मी. उंची किती लागेल ते मोजून ठरवतो: थांबल्यावर अंग जिथे येतं, त्याखाली पुरेशी मोकळी जागा उरली पाहिजे, आणि त्यात कापडाचा ताण धरायचा. गादी चूक सुधारत नाही, फक्त थोडी कमी महाग करते.

झटक्याचंही समजून घ्या. थांबण्याच्या क्षणी कापडावर आणि तुमच्यावर वजनाच्या तीन-चार पट भार सहज येतो, काही ड्रॉपमध्ये त्याहून जास्त. सैल कापड ठेवून केलेले स्लॅक ड्रॉप सर्वांत कठोर, कारण पडताना वाटेत अडवणारं घर्षण तिथे जवळजवळ नसतं. कमी ताणाच्या कापडावर झटका टोकदार लागतो, जास्त ताणाच्या कापडावर मऊ, पण माणूस अंदाजापेक्षा खाली येतो. म्हणून दुसऱ्या क्लासच्या कापडावर पहिल्याच दिवशी ड्रॉप करू नका.

तर कधी? हिप की आणि इन्व्हर्ट दोन्ही बाजूंनी, दमलेल्या अवस्थेतही नीट व्हायला लागले की.

दुखतं. हे नॉर्मल आहे का?

कापड काचतं, निळे डाग पडतात, काखेत आणि गुडघ्यामागे घासून भाजल्यासारखं होतं. हे चालतं आणि कमी होत जातं. मुंग्या येणं, हात किंवा पाय बधिर होणं, खांद्यात आत टोचणं हे चालत नाही. काखेवर लटकायच्या आकृतींत नस दाबली जाते. बोटांत मुंग्या आल्या तर मोजत बसू नका, लगेच उतरा.

कपडे कोणते?

घोट्यापर्यंतची लेगिंग, अंगाबरोबरचा लांब टॉप, तो आत खोचलेला, आणि सुरुवातीला बाह्या असलेला. चेन, बटणं नकोत. अंगठी, जोडवी, पैंजण, मंगळसूत्र, मोठी कानातली काढून ठेवा. यावर दर वेळी थोडी चर्चा होते, पण अंगठी कापडात अडकली तर बोट आणि कापड दोन्हींचं नुकसान आहे. नखं कापून या.

हात घामेजतात. काही लावायचं का?

राळ. पूड किंवा फवारा, चिमूटभर. जास्त लावली तर कापड चिकट होतं आणि पुढच्या मुलीला चटका बसतो. पुरलेल्या मल्लखांबाला एरंडेल चोळतात, त्या सवयीनं कुणी अंगाला तेल लावून आलं तर त्या दिवशी त्याला जमिनीवरचा व्यायाम. क्रीम, लोशनचंही तेच. मुंबई, कोकणच्या पावसाळ्यात राळ गोळे धरते आणि कापडही दमट राहतं. तेव्हा चढाया कमी आणि जमिनीजवळचं काम जास्त करतो.

वजन जास्त आहे, वय चाळीस आहे. चालेल?

चालेल. टांगणीचं साहित्य तुमच्या वजनाच्या कितीतरी पट भारासाठी असतं. स्वतःला उचलायला वेळ जास्त लागेल, इतकंच. गाठ मारलेल्या कापडावर किंवा हॅमॉकवर, म्हणजे झोळीसारख्या टांगलेल्या कापडावर, सुरुवात करा.

वाढलेला रक्तदाब, काचबिंदू, गर्भारपण, निखळून बसवलेला खांदा, चक्कर येण्याचा त्रास यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि आम्हालाही सांगा. पाळीत उलटं व्हायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. बऱ्याच जणी करतात.

घरी पंख्याच्या हुकाला टांगू का? आजीची नऊवारी आहे.

नको, दोन्ही नको.

पंख्याचा हूक काही किलोंचा पंखा पेलायला बसवलेला असतो. साठ किलोच्या माणसानं झटका दिला की तिथे दोनशे किलोंपेक्षा जास्त भार येऊ शकतो, तोही डोलणारा. स्लॅब किती घेईल हे बांधकामाचा अभियंता सांगेल, सुतार किंवा इलेक्ट्रिशियन नाही. कॅराबायनरवर, म्हणजे टांगायच्या उघडझाप कडीवर, २५ केएन (किलोन्यूटन) असं कोरलेलं दिसतं. एक किलोन्यूटन म्हणजे ढोबळमानानं शंभर किलोंचा भार, आणि तो आकडा साहित्य मोडण्याचा आहे, रोज टाकण्याचा नव्हे. शिवाय छत आठ-नऊ फुटांचं असेल तर करायला जागा कुठे आहे?

साडी उभ्या-आडव्या धाग्यांनी विणलेली असते, तिला ताण नसतो. फाटायला लागली की एका रेषेत टर्रकन फाटते. जुन्या जरीकाठाचं तर विचारूच नका. नऊवारी नेसा, फोटो काढा.

व्हिडिओ बघून शिकता येईल का?

येत असलेली गोष्ट पुन्हा आठवायला व्हिडिओ चांगला. नवी शिकायला वाईट, कारण समोरच्याचा उजवा तुमच्या डावीकडे दिसतो. नाचात त्यानं फार बिघडत नाही. इथे वेढा एका बाजूनं उजवा आणि दुसऱ्या बाजूनं डावा घेतला की तयार होतो तो वेगळाच रॅप, आणि त्यातून ड्रॉप केला तर काय होतं ते वर लिहिलं आहे.

स्नेहसंमेलनात कार्यक्रम करायचाय. किती मिनिटांचा बसवू?

दोन-अडीच मिनिटं पुष्कळ झाली. हवेत पाच मिनिटं राहणं व्यावसायिकांनाही जड जातं. विसाव्याच्या जागा आधी ठरवा: फूट लॉकमधली एखादी उभी आकृती, हिप कीमधलं आडवं राहणं. प्रेक्षकाला ती सुंदर पोझ वाटते, तुमचे हात तेवढ्यात मोकळे होतात. ड्रॉप एक ठेवा, फार तर दोन. चार ड्रॉप ठेवले की पहिल्यालाच लोक ओरडतात आणि नंतर मोबाइल काढतात. चढाई मात्र घोटून घ्या, कारण गाण्याचा निम्मा वेळ लोक तीच बघतात. टेल कुठे पडतोय तेही बघा. चेहऱ्यासमोर लोंबणाऱ्या टेलनं चांगले चांगले तुकडे घालवले आहेत.

कापड धुवायचं का? बदलायचं कधी?

धुवायचं. गार पाणी, सौम्य साबण, मऊ करणारं द्रावण अजिबात नाही, नाहीतर कापड निसरडं होतं. सावलीत वाळवा, इस्त्री नको. पावसाळ्यात पूर्ण सुकल्याशिवाय गुंडाळून ठेवू नका.

तपासणी महिन्यातून एकदा तरी, दिवसाउजेडी. खिडकीसमोर कापड पसरून धरायचं आणि वरपासून खालपर्यंत अंगठ्यानं चाचपत जायचं. छोटं भोक दिसलं तर दोन्ही बाजूंनी हलकं ताणून बघा. वाढत नसेल आणि ते खाली टेलकडे असेल तर लक्ष ठेवून वापरता येतं. कडीजवळ भोक, पातळ पडलेली जागा किंवा घासून काचेसारखं गुळगुळीत झालेलं कापड दिसलं तर त्याच दिवशी उतरवा. आणि उतरवलेलं कापड नुसतं कपाटात ठेवू नका, कात्रीनं मधोमध कापा. अख्खं राहिलं तर पुढच्या आठवड्यात कुणीतरी ते पुन्हा टांगतं.